तुझा एक वॅट, माझे हजार

पद्या,

तू गेलास तेव्हा माझ्या आईचा आवाज चालू होता, हे मला सुमनवहिनींनी फोनवर सांगितलं. दुपारचे चार. तू खुर्चीत बसलेला. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तर तुझी मान एका बाजूला कललेली आणि टेपवर माझी आई हळदीचं गाणं, धवला म्हणतेय. जिवलग मित्र गेल्याची बातमी कळल्यावर माणसाला आधी काय वाटावं याचे काही रीतसर नियम असतील. मला आधी हेवा वाटला. रडू नंतर आलं, आणि भरपूर आलं, पण पहिला नंबर हेव्याचा. आई माझी, आवाज तिचा, आणि तो ऐकत ऐकत जायचा मान तुला? अरे, ती जागा माझी होती. रांगेत मी पुढे उभा होतो. तू कडेने घुसलास.

कडेने घुसायची तुझी सवय जुनी. शहापूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या वर्गात आपण एका बाकावर बसलो, एका मास्तरांकडून सोल्डरिंगचा एकच डाग द्यायला शिकलो. माझा डाग मोठा आणि चकचकीत असायचा. तुझा ज्वारीच्या दाण्याएवढा. मास्तर दोन्ही बोर्ड वर धरून वर्गाला विचारायचे, "यातला कुठला टिकेल?" आणि वर्ग एका सुरात तुझं नाव घ्यायचा. तेव्हापासून मी तुझ्यावर जळतोय. तीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली? एवढा वेळ एखादा अँप्लिफायर चालू ठेवला असता तर त्याने सुद्धा धूर सोडला असता.

वर्ग संपला तसा तू शहापूरच्या बाजारपेठेत दहा बाय आठचं दुरुस्तीचं दुकान टाकलंस आणि मी धसईला साउंड सर्व्हिस काढली. हळदी, लग्नं, सत्यनारायण, क्रिकेटच्या टुर्नामेंटी. मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत असा एक मांडव नसेल, ज्याच्या बांबूला मी वायर बांधली नाही. माझ्या गाडीवर पिवळ्या अक्षरांत 'हजार वॅट' लिहिलेलं होतं, म्हणून तू माझं नावच हजार पाडलंस. मी दुकानाची पायरी चढलो की तू मान वर न करता म्हणायचास, "आला का हजार?" आणि मी म्हणायचो, "आलो. तुझा झिरोचा बल्ब अजून विझला नाय वाटतं?"

पण खरं सांगू? माझ्याकडे लोक यायचे ते आवाज कमी कर म्हणून सांगायला. तुझ्याकडे यायचे ते ऐकायला. मिक्सर दुरुस्तीला दिलेला माणूस मिक्सर झाल्यावरही तासभर हलायचा नाही. तुझ्या फळीवरच्या त्या लाकडी खोक्यातून काहीतरी वाजत असायचं आणि तो पायरीवर बसून राहायचा. मी दोन माणसं लागतील असले खोके उचलून उचलून कंबर मोडून घेतली आणि माझ्यासमोर असा पायरीवर बसलेला एकही माणूस मी पाहिला नाही. लोक माझ्यासमोर नाचले, पडले, भांडले. बसलं कोणी नाही.

माझ्या नव्या घराची वास्तुशांत आठवते? स्लॅब टाकला, बारा बाय चौदाचा हॉल झाला, आणि मी ठरवलं की आता घरातही राजेशाही ठेवायची. दोन मोठे बेस स्पीकर, दोन टॉप आणि गाडीवरचा हजार वॅटचा अँप्लिफायर, सगळं त्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. सोफ्याला जागा उरली नाही, तो ओटीवर ठेवला. भटजी उठले आणि मी बटण दाबलं. पहिल्याच ठोक्याला मांडणीवरचे पितळेचे डबे चालायला लागले. दुसऱ्या ठोक्याला आजोबांचा फोटो खिळ्यावर गोल फिरला आणि भिंतीकडे तोंड करून थांबला. शेजारचे तात्या धावत आले आणि विचारायला लागले, "घाटात सुरुंग लावलेत काय रे?" आणि माझी रेखा पदराने कान दाबत सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "अवो, पाडायचंच होतं तर बांधलंत कशाला?"

तू कोपऱ्यात पाटावर बसून पुरणपोळी खात होतास. गाणं बंद झाल्यावर तू विचारलंस, "किती वॅट?"

मी छाती फुगवून सांगितलं, "हजार."

"आणि घरात माणसं?"

"चार."

"मग बरोबर आहे. माणशी अडीचशे."

ते वाक्य धसईत अजून चालतं. परवा एसटीच्या थांब्यावर मला न ओळखणाऱ्या एका पोराने ते दुसऱ्याला ऐकवलं. माझ्या फजितीवर तुझं नाव आहे, पद्या, आणि हे सुद्धा तूच घेऊन गेलास.

पुढच्या रविवारी तू आलास. किन्हवलीच्या रस्त्याने, स्कूटरवर, पुढे पोत्यात गुंडाळलेलं तुझ्या अँप्लिफायरचं लाकडी खोकं आणि मागे सुमनवहिनी, त्यांच्या मांडीवर एक जुना रुंद स्पीकर. कागदी तोंडाचा, कुठल्यातरी मोडीत निघालेल्या रेडिओग्रामचा. माझे बेस बाजूला सारून तू तो मांडलास. मग खिशातून टॉर्चचा बल्ब काढून स्पीकरच्या वायरीत मध्ये जोडलास आणि टीव्हीवरच्या जादूगारासारखा हात फिरवून म्हणालास, "माझा डबा आहे दहा वॅटचा. पण आपण ऐकतो किती ते हा बल्ब सांगंल. वॅटभर गेला की हा पेटणार. बघत राहा."

तू गाणं लावलंस. हॉल भरला. मी सांगतो ना, भरला. मांडणीवरचा एक डबा हलला नाही आणि गाणं मात्र पार मोरीपर्यंत पोचलं. बल्ब काळाच. फक्त ढोलकीची जोराची थाप पडली की त्याची तार जराशी लाल व्हायची आणि विझायची. मी बल्बकडे बघत होतो, पण खरा मार दुसरीकडून बसला. रेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली, पिठाचे हात तसेच, आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. कॅसेटची अख्खी बाजू संपेपर्यंत बसली. डोळे मिटून. माझ्या आवाजासमोर जी बाई कान दाबते ती तुझ्या एका वॅटसमोर डोळे मिटते, हे बघून मला काय झालं असेल? मी उठून गाईला पेंढा टाकायला गेलो. गाईला तो सकाळीच टाकला होता.

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला तो तुझ्या मरणाने सुद्धा मिटलेला नाही. मी म्हणालो, बल्ब चमकला ना थापेला? म्हणजे थापेला जास्त लागतात. गाणारा माणूस साधा वाहतो, पण ढोलकी एका क्षणात दहापट मागते, आणि ती वेळेवर दिली नाही तर आवाज फाटतो. तू ते कबूल केलंस, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण आता तू नाकारायला नाहीस. टोकावड्याच्या ढाब्यावर तुझ्या समोर भाकरी, माझ्या समोर भाकरी, मध्ये खेकड्यांचा रस्सा गार होतोय आणि तू बोटांवर मोजतोयस.

"हे बघ हजार. घरात बसून, बोलता बोलता गाणं ऐकायचं तर एक वॅट खूप झाला. थापेसाठी दहा ठेव. स्पीकर आळशी असंल, त्याला ढकलायला लागत असंल, तर तीस ठेव, चाळीस ठेव. खोली मोठी, तर अजून थोडे. त्याच्यावर जे आहे ते पाव्हण्यांना सांगायला."

"आणि मला पाव्हण्यांना सांगायचंच असंल तर?"

"मग सांग. पण वाजवू नको."

"दोनशेचे चारशे केले तर आवाज दुप्पट नाय होत?"

"नाय. जरासा वाढतो. शेजारच्या खोलीतल्याला कळंल न कळंल एवढाच. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. कान लय कंजूष, बाबा. दिलंस तेवढं मोजत नाय तो."

ढाबेवाला वाट बघून कंटाळला आणि म्हणाला, "तुमचं मिटंपर्यंत दुसरी भाकरी टाकू का थांबू?" तू म्हणालास, "याला चार टाक. हा हजारवाला आहे." सगळा ढाबा हसला. मीही हसलो, आणि आतून पेटलो. कारण तुझं बरोबर होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडलं की माझा हजारवाला घशात पाणी गेल्यासारखा गुरगुरायचा आणि गप्प व्हायचा. तुझा डबा जीपच्या जुन्या बॅटरीवर गात राहायचा. अख्खं शहापूर अंधारात आणि तुझ्या घरात बासरी. का नाही जळणार मी?

आता ते सांगतो जे आपण दोघं कधीच सरळ तोंडाने बोललो नाही.

माझी आई धसईची धवलारीण होती. लग्नात पापड-वडे करताना, हळद लावताना, मांडव घालताना पुढे होऊन गाणी म्हणणारी बाई. तिने म्हणायला सुरुवात केल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागायची नाही. तिचा आवाज गावाच्या या टोकापासून नदीपर्यंत जायचा, हे जुनी माणसं अजून सांगतात. ढाब्यावर एकदा वाद तापला असताना तू मला एकच विचारलंस, "तुझ्या आईला किती वॅट होते रे?" आणि मी ताट सरकवून उठलो होतो. तुला वाटलं असेल मी हरलो म्हणून उठलो. मी उठलो ते दुसऱ्या कारणासाठी.

आमच्याच आळीत एक हळद होती. आत पडवीत आई बायकांना घेऊन धवला म्हणत होती. बाहेर अंगणात मी माझे नवे बेस पहिल्यांदाच मांडले होते. यजमान म्हणाले, "चालू कर रे, पोरं थांबलीत." मी चालू केलं. थोड्या वेळाने काहीतरी मागायला आत गेलो तर आई भिंतीला टेकून बसली होती, तोंड मिटून, हातात हळदीची वाटी. बाकीच्या बायका दारातून पोरांचा नाच बघत होत्या. मला बघून म्हणाली, "जा तू. तुझं चालू दे." रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यानंतर कुठल्याही हळदीत तिला बोलावणं आलं तर ती म्हणायची, "माझा पोरगा येनार हाय ना, मग मी कशाला?"

हे मी तुला फक्त एकदा, हसत हसत, गंमत म्हणून सांगितलं होतं. तू हसला नाहीस. चौथ्या दिवशी तू टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या पडवीत हजर. मी तेव्हा मुरबाडला एका मांडवात होतो. आईने तुला विचारलं म्हणे, "एवढ्याशा डब्यात मी मावनार कशी रे पदू?" आणि तू म्हणालास, "काकी, तुमी बसा तर. आमी जागा करतो." तिने तुला दोन्ही बाजू भरून गाणी दिली. आई गेल्यावर तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, शहापूरला, तुझ्या कपाटात. तू मला कॉपी काढून देतो म्हणालास. मीच म्हणालो, राहू दे, तुझ्याकडे येऊन ऐकेन. माझ्या बेसवर ती लावायची मला लाज वाटत होती.

मग महिन्या-दोन महिन्यांनी मी तुझ्याकडे यायचो. तू टेप लावायचास. आईचा आवाज यायचा आणि मला कळायचं की कुठल्या ओळीला तिने मान डोलावली असेल. मध्येच तू बोट वर करून म्हणायचास, "ऐकल्या? बांगड्या! ताल धरताना काकीच्या बांगड्या वाजतात बघ. हिरव्या काचेच्या. ही... ही बघ अजून एक."

आणि मी म्हणायचो, "वा! काय स्पष्ट येतात रे!"

पद्या, मला त्या बांगड्या कधीच ऐकू आल्या नाहीत. एकदाही नाही. बेसच्या तोंडाशी उभं राहून राहून माझे कान केव्हाचे गेलेत. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. चिमणी नाही, कुकरची शिट्टी लांबून नाही, रेखाचं पुटपुटणं तर अजिबात नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे. गेल्या वर्षी कल्याणला मुलीने जबरदस्तीने कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कानाला हेडफोन लावून काही वाजवलं, कागदावर एक रेघ काढली. रेघ डावीकडे, जाड आवाजाला बरी होती आणि उजवीकडे, बारीक आवाजाला घाट उतरल्यासारखी खाली गेलेली. म्हणाले, मशीन लावा. मी सवयीने विचारलं, "किती वॅटचं?" डॉक्टर हसून हसून चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "अहो, वॅट कसले? वॅटचा हजारावा भाग धरा." मी कागद घडी करून खिशात घातला आणि बाहेर पडलो. घ्यायला परत गेलो नाही. तू ते मशीन माझ्या कानात पाहिलं असतंस तर इतक्या वर्षांचा वाद जागच्या जागी संपला असता. पद्याला एक वॅट का पुरतो आणि हजारला हजार का लागतात, याचं उत्तर माझ्या कानावर लटकलेलं सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून मी वाद चालू ठेवला. मी थापेबद्दल बोलायचो, व्होल्टेजबद्दल बोलायचो. कानांबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी तुझ्यावर जळलो ते दुकानावरून नाही, पायरीवर बसणाऱ्या माणसांवरूनही नाही. तुझ्या कानांवर जळलो. माझी आई तुला माझ्यापेक्षा जास्त ऐकू येत होती.

तुझा शेवटचा फोन आला तेव्हा मी मांडवात होतो. "हजार, काकीची टेप नीट साफ केलेय. घरघर गेली सगळी. ये ऐकायला." मी म्हणालो, "सीझन आहे रे, लग्नं उरकली की येतो." तू म्हणालास, "बरं." तुझं ते 'बरं' सुद्धा एका वॅटचं. मला त्यात काही ऐकू आलं नाही.

तेरावं झाल्यावर चार दिवसांनी मी एकटाच तुझ्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. वहिनींनी पाणी दिलं. रेखाची चौकशी केली. मी मनात ठरवूनच आलो होतो की टेप मागायची. पण घरात शिरल्या शिरल्या टेप मागणारा माणूस कसा दिसेल, म्हणून मी तुझ्या डब्याची धूळ पुसत बसलो. आणि तेव्हा मला आवाजाच्या बटणाभोवती ते ठिपके दिसले. लाकडावर, बटणाच्या कडेने. एक पांढरा, अगदी सुरुवातीला. आणि मग लाल. एक, दोन, तीन... मी मोजले. सात. एकापुढे एक चढत गेलेले. शेवटचा बटणाच्या टोकाशी.

"वहिनी, हे काय?"

"पांढरा त्यांचा. लाल तुमचे."

"माझे?"

"तुमचा येतो म्हणून फोन आला की आधी बटण फिरवून ठेवायचे लाल ठिपक्यावर. नेलपॉलिश माझंच. दोन-तीन वर्षांनी एक ठिपका पुढे. म्हणायचे, हजारला आता एवढं लागतं."

मी बघत राहिलो. पोरांची उंची भिंतीवर पेन्सिलीने मांडतात, तसे तू माझे कान मांडून ठेवले होतेस.

"आणि तो बल्ब? तो असायचा ना वायरीत?"

"तुमी यायच्या आधी काढून ठेवायचे. पेटला असता ना, भाऊजी."

पद्या, लबाडा! मी ओरडलोच. वहिनी दचकल्या. म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या घरात बसून मान डोलवत होतो की बघा, एका वॅटवर काय भरतं हे घर, आणि तू मला दहाच्या दहा पाजत होतास! आणि वर ढाब्यावर सगळ्यांसमोर एक वॅटचं प्रवचन! अरे, मग वाद मी जिंकला की! तुझ्याच घरात, तुझ्याच डब्यावर, तुझ्याच बायकोच्या नेलपॉलिशने लिहून ठेवलंयस तू, की एक वॅट पुरत नाही. हजार आला की पुरत नाही. मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो, तुला हे तोंडावर फेकून मारायला. आणि खोलीत फेकून मारायला कोणी नव्हतं. मग मी बसलो.

माझा हेवा त्या दिवशी संपला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तो वाढला. इतकी वर्षं एक गोष्ट पोटात ठेवायची, आणि समोरच्याला हरवायला ती कधी वापरायची नाही. मला ही गोष्ट तुझ्याबद्दल कळली असती तर? मी ढाब्यावर ती पहिल्या भाकरीबरोबर वाढली असती. तुला माहीत होतं, आणि तरी तू दर वेळी बोट वर करून विचारायचास, ऐकल्या? मी आता विचार करतो, तू मला चिडवत नव्हतास. मी एकदा तरी नाही म्हणेन याची तू वाट बघत होतास. आणि मी दर वेळी वा म्हणालो.

वहिनींनी कपाटातून कॅसेट काढून माझ्यासमोर धरली. तुझं अक्षर, निळी शाई, 'काकी'. एवढंच. माझ्या आईचं नावही नाही. जशी काही तुझीच. "घ्या भाऊजी. ही तुमची. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, हजार मागणार नाय, पण त्याला दे."

हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला.

"वहिनी, नेऊन काय करू?" मी म्हणालो. "मला यातल्या बांगड्या ऐकू येत नाहीत. कधीच आल्या नाहीत. पद्याला खोटं सांगत होतो."

तीस वर्षांत हे वाक्य मी मोठ्याने पहिल्यांदा म्हटलं. आणि ते तुला ऐकवायचं सोडून तुझ्या बायकोला ऐकवलं.

वहिनींनी पदर खोचला, कॅसेट टेपमध्ये घातली, बटण शेवटच्या लाल ठिपक्यावर नेलं आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. "तुमी आईकडं लक्ष द्या," म्हणाल्या. "बांगडी वाजली की मी बोट वर करते."

आई सुरू झाली. घरघर खरंच गेली होती, पद्या. तू काम चोख केलंयस. वहिनींनी डोळे मिटले होते. पहिल्या ओळीच्या शेवटी त्यांचं बोट वर गेलं. मग दुसऱ्या ओळीच्या मध्ये. मग पटापट दोनदा. मी आईचा आवाज ऐकत होतो आणि वहिनींचं बोट बघत होतो, आणि हळूहळू मला कळायला लागलं की ती हात कुठे हलवते, कुठे थांबते, कुठे वाटी डाव्या हातात घेते. चौथ्या ओळीला मला किणकिण ऐकू आली. खरी. बारीक, स्पष्ट. मी खुर्चीवरून जवळजवळ उडालो.

"आली! वहिनी, आली! ऐकली मी!"

वहिनींनी डोळे उघडले, खिडकीकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"नाय हो भाऊजी. ती खिडकीखालच्या गारेगारवाल्याची घंटी."

मग त्यांनी टेप थोडी मागे घेतली आणि पुन्हा बोट तयार ठेवलं.